एका पीडीएफ लायब्ररीने अडवलेलं रिलीज: माझा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पट्टी करायचा आमचा छोटा ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेला, प्रोग्रॅम आहे. वजनावरून रक्कम काढायची, तोलाई-हमालीसारखे खर्च वजा करायचे आणि शेतकऱ्याच्या हातात छापील कागद. छपाईसाठी एक पीडीएफ लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, थेट आमच्या फोल्डरात टाकली होती. रिलीजच्या आदल्या रात्री लायसन्स, म्हणजे कोड वापरायच्या आणि वाटायच्या अटी, वाचायला बसलो आणि थांबलोच.

लायब्ररी अपाचे २.० या लायसन्सची, आमचा कोड जीपीएल या दुसऱ्या लायसन्सच्या आवृत्ती २ चा. दोन्ही मुक्त, म्हणून एकत्र वाटलं तर चालेल असं मी धरून चाललो होतो. चालत नाही. अपाचेमधल्या पेटंटविषयीच्या अटी १९९१ च्या जीपीएल २ मध्ये नाहीत, आणि जीपीएल २ जादा अटी लादू देत नाही. २००७ ची जीपीएल ३ मात्र त्या सामावून घेते.

मग प्रत्येक फाइलच्या वरच्या ओळींत लायसन्स काय लिहिलंय ते तपासलं. बहुतेक ठिकाणी 'आवृत्ती २ किंवा त्यानंतरची' असं होतं. हा 'किंवा' फार मोलाचा, त्या फाइली जीपीएल ३ वर नेता येतात! तीन फाइलींत मात्र 'फक्त आवृत्ती २'. त्या पुण्याला गेलेल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या. कॉपीराइट त्याचा, मी परस्पर बदलणं चोरीच झाली असती. फोन केला. "अरे, बदल की, मेलवर लिहून देतो," म्हणाला. लेखी हवंच होतं.

मेल आल्यावर सगळं जीपीएल ३ वर नेलं. लायब्ररीचं लायसन्स आणि 'नोटीस' फाइल जशीच्या तशी तिच्या फोल्डरात ठेवली, आम्ही बदललेल्या दोन फाइलींत तशी नोंद केली. रिलीज चार दिवस उशिरा गेलं.