इग्लूत झोपायचंय? आधी घोंगडं काढा

जानेवारीत वेण्णा लेकला दवबिंदू गोठले की पेपरात फोटो येतो आणि निम्मा सातारा गाड्या काढून महाबळेश्वरला पळतो, आपली थंडीची मजल तेवढीच. त्यामुळं मनालीजवळ सेथनला बर्फाच्या इग्लूत एक रात्र काढून आल्यापासून जो भेटेल तो विचारतोय, गोठला नाहीस का? म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

जायचं सोपं आहे, गोवा एक्सप्रेस साताऱ्यातूनच थेट निजामुद्दीनला जाते, पुढं दिल्लीवरून रात्रीची व्होल्वो आणि सकाळी मनाली. पण त्याच दिवशी वर पळू नका. सेथन साधारण २,७०० मीटरवर आहे, महाबळेश्वरच्या जवळपास दुप्पट उंची, एक मुक्काम मनालीत केला नाही तर वर जाऊन डोकं धरून बसाल. इग्लू जानेवारी-फेब्रुवारीत असतात, पुढचं सगळं बर्फावर. प्रिणीवरून वर जाणारा रस्ता बर्फाचा आणि घसरडा असतोय, आपली गाडी घालायची हौस करू नका, फोर बाय फोर गाडी तिथल्या इग्लूवाल्यांचीच घ्या. बुकिंग करताना जेवण, स्लीपिंग बॅग आणि टॉयलेट कुठं आहे हे तिन्ही विचारा, तिसरं तर नक्कीच. का ते पुढं कळेल.

आता थंडीचं. बाहेर उणे दहा असलं तरी आत शून्याच्या आसपास राहतं, कारण बर्फात हवा अडकलेली असते आणि तीच गोधडीसारखं काम करते. गार हवा जड असते म्हणून दार खाली आणि झोपायचा ओटा वर असतो. छताजवळ एक भोक असतंय, गार वारं येतंय म्हणून त्यात कापड कोंबायचं नाही, श्वासाला हवा तिथूनच मिळते. आणि आत मेणबत्ती, शेगडी, स्टोव्ह काही पेटवायचं नाही, फोटोसाठी पण नाही.

खरी थंडी वरून येत नाही हो, खालून येते! सगळे अंगावर पांघरुणं वाढवत बसतात आणि पाठ बर्फावर. त्यांची मॅट असतेच, पण मी वर माण तालुक्यातलं मेंढीच्या लोकरीचं घोंगडं अंथरलं, आईनं जबरदस्तीनं बॅगेत कोंबलेलं, आणि गटात एकटा मीच सकाळपर्यंत झोपलो. लोकर ओली झाली तरी ऊब धरते. कॉटन मात्र घामानं भिजलं की अंगावर बर्फाची पट्टी ठेवल्यासारखं होतं, तेव्हा कॉटनचं बनियन आणि जीन्स घरीच ठेवा.

झोपायच्या आधी दिवसभराचे कपडे, मोजे सकट, बदला, कोरडे वाटले तरी. माकडटोपी घाला, लाजू नका, तिथं कोण बघतंय. नाक-तोंड स्लीपिंग बॅगेच्या बाहेर ठेवा, आत श्वास सोडला की बॅग आतून ओली होते. मोबाईल, पॉवरबँक, उद्याचे मोजे सगळं बॅगेत घेऊन झोपा, थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. गरम पाण्याची बाटली पायाशी ठेवा, झाकण दोनदा तपासून (आमच्यातल्या एकानं एकदाच तपासलं). झोपताना गूळ-शेंगदाणे खा, पोटात काहीतरी जळत राहिलं पाहिजे. दारू नको, तात्पुरतं गरम वाटतं पण अंगातली ऊब उलट बाहेर पडते.

आता टॉयलेट. ते बाहेर असतं. रात्री दोन वाजता बॅगेतून निघून, बूट शोधून, रांगत दारातून बाहेर जायचं म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा. पाणी दिवसभर भरपूर प्या, वरच्या हवेत ते लागतंच, पण जेवणानंतर घोट-घोट, आणि झोपायच्या आधी एकदा जाऊन याच. हेडटॉर्च उशाशी पाहिजे. बूट पिशवीत घालून जवळ घ्या, दाराशी ठेवलेले सकाळी लाकडासारखे कडक होतात. गुडघ्याचा त्रास असलेल्या काका-मावशींना इग्लूत नेऊ नका, शेजारी होमस्टेत ठेवा आणि दिवसा दाखवा, त्यात काही कमीपणा नाही.

कंदी पेढे न्या, तिथल्या पोरांना लय आवडले. फक्त बॉक्स रात्रभर बाहेर राहिला तर दगड होतो, आमचा झाला, मग सकाळी चहाच्या ग्लासावर एकेक पेढा धरून मऊ करत खाल्ला.