ठाण्यात, नवी मुंबईत राहायला जाताय? चालण्याच्या बाबतीत या चुका टाळा

गिरगावात आई रोज सकाळी साडेसहाला घराबाहेर पडायची. आधी दूध, मग देऊळ, येताना भाजी, आणि वाटेत चार जणींशी बोलणं. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला भाड्याच्या घरात आलो तेव्हा जागा दुप्पट झाली, खिडकीतून येऊरचे डोंगर दिसायला लागले आणि तीन महिन्यांत आईचं बाहेर पडणं बंद झालं. देऊळ, भाजी, औषधाचं दुकान, सगळं रस्त्यापलीकडे होतं आणि तो रस्ता ओलांडायचा तिला धीर होत नव्हता. दोन वर्षांनी आम्ही ठाणे स्टेशनजवळच्या नौपाड्यात आलो. घर लहान झालं, पण तिचा सकाळचा फेरा परत सुरू झाला. घर बघताना आम्ही ज्या गोष्टी तपासल्याच नाहीत, त्या तुम्ही तपासाव्यात म्हणून हे लिहिते आहे.

फक्त अंतर बघणं

नकाशात बाजार चारशे मीटरवर दिसतो. पण मध्ये घोडबंदर रोड असेल, तर ते चारशे मीटर म्हणजे कंटेनर, मेट्रो ४ चे खांब, बॅरिकेड आणि सिग्नलपर्यंत उलटं चालत जाणं. पादचारी पूल असला तरी त्याच्या पायऱ्या मोजा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पन्नास पायऱ्यांचा पूल असून नसल्यासारखाच. नवी मुंबईत हेच सायन-पनवेल महामार्गाचं, ठाणे-बेलापूर रस्त्याचं आणि पाम बीचचं. पाम बीच गाडीतून सुंदर दिसतो, पण तिथे गाड्या ज्या वेगाने जातात त्यात म्हाताऱ्या माणसाने पाय टाकू नये. म्हणून माझा पहिला नियम असा: भाजी, औषधाचं दुकान आणि बसथांबा या तिन्ही गोष्टी मोठ्या रस्त्याच्या आपल्याच बाजूला हव्यात.

नवी मुंबईत आणखी एक फसगत होते. सेक्टरचे नंबर लागोपाठ असले म्हणजे सेक्टर शेजारी असतीलच असं नाही, मध्ये रेल्वेचे रूळ किंवा नाला निघतो. पत्त्यावर जाऊ नका, चालून बघा. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० साली स्थापन झाली. तिने वसवलेल्या वाशी-नेरूळसारख्या जुन्या नोडमध्ये, म्हणजे उपनगरांमध्ये, बाजार, शाळा आणि मैदान सेक्टरच्या पोटातच ठेवलेलं आढळतं, त्यामुळे रोजच्या कामांसाठी हमरस्त्यावर यावं लागत नाही. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज एकदा जरूर बघून या. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी तिथे छोटी घरं मोकळ्या चौकांभोवती बसवली. असे चौक मिळाले की मुलं आणि आजी-आजोबा आपोआप बाहेर येतात.

गेट न बघणं

ही आमची सगळ्यात महागात पडलेली चूक. आमच्या संकुलाच्या मागच्या भिंतीला लागूनच एक गल्ली होती. गल्लीत वाण्याचं दुकान, पिठाची गिरणी, इस्त्रीवाला. पाचव्या मजल्यावरच्या गॅलरीतून गिरणीचा पत्रा दिसायचा. पण मागच्या गेटला कायम कुलूप. पुढच्या गेटने वळसा घालून जायचं म्हणजे वीस मिनिटं, तीही अर्ध्या रस्त्याला फूटपाथ नसताना. घर दाखवताना एजंटने गेट बोटाने दाखवलं होतं, ते उघडतं का हे आम्ही विचारलंच नाही. तुम्ही थेट वॉचमनला विचारा: कोणतं गेट किती वाजता उघडतं, कामवाल्या बायकांना कुठून सोडतात? खरं उत्तर तिथेच मिळतं.

गिरणीचा मुद्दा किरकोळ समजू नका. पिठाची गिरणी, फॉल-बिडिंग करून देणारी बाई आणि चपला शिवणारा चालत गाठता आला, तर ती वस्ती पायी जगण्याची आहे असं मी मानते. मॉल जवळ असल्यावरून हे कळत नाही.

रविवारी सकाळी घर बघणं

रविवारी अकराला रस्ते शांत असतात. मंगळवारी संध्याकाळी साडेसातला जा, स्टेशनवरून चालत जा. ठाणे पश्चिमेला उतरून सॅटिसच्या, म्हणजे स्टेशनबाहेरच्या बसच्या पुलाखालून रिक्षांच्या गर्दीतून गोखले रोडला लागलात की कळेल, हे रोज जमणार का. नौपाडा जवळ आहे, सगळं हाताशी आहे, पण राम मारुती रोडवर सणासुदीला पाय ठेवायला जागा नसते आणि जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचं काम गल्लोगल्ली चालू असल्याने डंपर येतात. हे माहीत असूनही मी नौपाडाच निवडला. पण एकदा जोराच्या पावसातही फेरी मारा. वंदना टॉकीजच्या परिसरात दरवर्षी पाणी साचतं आणि गुडघाभर पाण्यात चेंबर कुठे आहे ते दिसत नाही.

फूटपाथ बघताना घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला बरोबर न्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फूटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. आमच्या जुन्या रस्त्यावर प्रत्येक गेटपाशी फूटपाथ तुटायचा. आई छत्री टेकून उतरायची, पाच पावलं चालायची, पुन्हा चढायची. सहाव्या गेटला ती थांबली आणि म्हणाली, "चल, घरी जाऊ."

‘लवकरच होणार’ यावर घर घेणं

बेलापूर-पेंधर मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं, गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. नेरूळ-उरण मार्गावर खारकोपरपर्यंत लोकल २०१८ मध्ये आली आणि उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये. कामं होतात, पण तोवर मुलांच्या शाळा संपतात. आज जे आहे त्यावर ठरवा.

घर घेऊन झालं असेल तर

मागच्या गेटचा विषय सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत लेखी द्या. सुरक्षेचा आक्षेप येईलच. त्यावर पूर्ण वेळ नको, सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ एवढंच मागा. वॉचमनची वेळ बदलून हे बसवता येतं. टीएमटी किंवा एनएमएमटीची, म्हणजे ठाणे किंवा नवी मुंबई पालिकेची बस दारावरून जात असेल, तर म्हाताऱ्या माणसांबरोबर पहिले चार दिवस स्वतः बसा, कुठे उतरून कुठे चढायचं ते पायाखालचं होऊ द्या.

तुटलेलं चेंबर किंवा बंद दिवा असेल, तर पालिकेच्या प्रभाग कार्यालयात तक्रार देताना फोटोबरोबर सगळ्यात जवळच्या दिव्याच्या खांबावरचा नंबर लिहा. "अमुक दुकानासमोर" लिहिलं की कामगारांना जागा शोधत बसावी लागते. खांबाच्या नंबरवरून ते थेट तिथे पोहोचतात.