दुसरा मॉनिटर जोडला की मांडणी बिघडते? जुनी नोंद बाजूला करा

लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवर बाहेरचा मॉनिटर जोडला की दर वेळी चुकीचं रिझोल्यूशन येतं, डावा-उजवा उलट होतो किंवा एक पडदा काळाच राहतो. अशा वेळी लोक थेट ड्रायव्हरच्या मागे लागतात. पण कित्येकदा दोष जतन झालेल्या जुन्या मांडणीचा असतो, म्हणून आधी हे करून पाहा.

१. काहीच दिसत नसेल, तर सुपर की (विंडोजचं चिन्ह असलेली) दाबून ठेवा आणि पी दाबत राहा. मिरर, जोड पडदे, फक्त बाहेरचा, फक्त आतला असे पर्याय फिरतात. दिसू लागलं की थांबा.

२. फाइल मॅनेजरमध्ये होम फोल्डर उघडून कंट्रोल आणि एच दाबा. लपलेले फोल्डर दिसतील. त्यांतल्या, नावाआधी टिंब असलेल्या ‘कॉन्फिग’मध्ये जा.

३. तिथल्या ‘मॉनिटर्स डॉट एक्सएमएल’ फाइलचं नाव बदला, शेवटी ‘जुनी’ जोडलं तरी चालेल. पुसू मात्र नका. फरक पडला नाही तर तीच परत लावता येते.

४. लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करा आणि सेटिंग्जमधल्या डिस्प्लेमध्ये मांडणी नव्याने लावा.

नाव बदलल्यावर लॉगआउट करेपर्यंत डिस्प्लेच्या सेटिंगला हात लावू नका, नाहीतर ती फाइल लगेच पुन्हा तयार होते. आणि लॉगइनचा पडदा तिरपा किंवा भलत्याच मॉनिटरवर येत असेल, तर त्याची नोंद वेगळी असते. ती या उपायाने बदलत नाही.