कॅमेरा कुठे ठेवायचा? शॉट शिकणाऱ्यांसाठी चार गोष्टी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मुलं आता मोबाईलवर शॉर्टफिल्म करतात. मी लग्नाच्या शूटिंगमधून या कामात आलो, त्यामुळे ती मला हटकून विचारतात, "दादा, कॅमेरा कुठला घेऊ?" माझं म्हणणं, आधी प्रेक्षकाला पात्रापासून किती लांब उभं करायचं ते ठरवा. लाँग, मिड, क्लोज-अप ही सगळी त्या अंतराचीच नावं.

वडगावात एका यंत्रमागाच्या खोलीत शूटिंग चाललं होतं. लाँग शॉटमध्ये अख्खी खोली घेतली. ओळीनं माग, वर ट्यूबलाइट, मध्ये मावशी. इथं माग मोठे दिसतात आणि मावशी लहान; या खोलीत यंत्राच्या तालावर माणूस चालतो, हे न सांगता कळतं. मिड शॉटला, म्हणजे कमरेपासून वर, मावशी माणूस म्हणून दिसायला लागल्या. मागावरची नजर न हलवता त्या पदर खोचत होत्या. तेवढ्यात ताण्याचा एक धागा तुटला, माग थांबला. मी क्लोज-अप घेतला तो बोटांचा. तुटलेलं टोक चिमटीत धरून गाठ मारेपर्यंत कॅमेरा हलवला नाही.

"हात काय घ्यालाइस रे, तोंड घे की!" मावशी म्हणाल्या. तोंडही घेतलं. पण एडिटिंगला बसल्यावर ती गाठच ठेवली. खोली आधी दाखवली होती म्हणून त्या गाठीला वजन आलं. सुरुवातीलाच बोटं दाखवली असती, तर ती नुसती बोटं राहिली असती. म्हणून माझा आग्रह आहे, क्लोज-अप जपून वापरा. प्रत्येक वाक्याला चेहरा जवळ आणला, तर खऱ्या क्षणी जवळ जायला जागाच उरत नाही.

शॉटचा अर्थ शेजारच्या शॉटवरही ठरतो. सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी १९२०च्या सुमारास एका नटाचा तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवला. सूपच्या वाटीनंतर तो भुकेला वाटे, शवपेटीनंतर दुःखी. चेहरा एकच! नवशिक्या नटाकडून काम करून घेताना हे फार उपयोगी पडतं. त्याला रडायला लावण्यापेक्षा तो काय बघतोय ते नीट दाखवा.

अँगलचं बळ बघायचं असेल तर शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक गाठा. रस्त्यावर बसून ट्रॉलीवरच्या महाराजांकडे कॅमेरा वर केला, की पुठ्ठ्याचा किल्लाही भव्य होतो. तोच चित्ररथ गच्चीवरून घ्या, गर्दीत तो होडीसारखा तरंगताना दिसेल. मात्र लो अँगल म्हणजे थोरवीच, असं पाठ करू नका. दारात उभ्या सावकाराला खालून घेतलं तर भीती वाटते.

मोबाईलवाल्यांसाठी एक महत्त्वाचं. फोनची मुख्य लेन्स ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याच्या हिशेबात साधारण २४ ते २६ मिलिमीटरची, म्हणजे वाइड, जास्त परिसर मावणारी असते. क्लोज-अपसाठी ती चेहऱ्याजवळ नेली की नाक फुगतं, कान मागे जातात. दोन पावलं मागे सरा आणि फोनमध्ये टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स असेल तर ती वापरा. चेहरा आपल्या माणसाचा दिसेल.

दोघांचा संवाद घेताना एकापासून दुसऱ्यापर्यंत, त्यांना जोडणारी एक रेघ आहे असं समजा आणि कॅमेरा रेघेच्या एकाच बाजूला ठेवा. रेघ ओलांडली की समोरासमोर बोलणारे दोघं एकाच दिशेला बघतायत असं वाटतं. सराव करायचा तर खानापूर स्टँडच्या बाकावर दोन मित्रांना बसवा. आधी दोघं एकत्र, मग एकाच्या खांद्यावरून दुसरा, मग उलट. प्रत्येक शॉटमध्ये पूर्ण संवाद म्हणून घ्या, एडिटिंगला कुठंही कापता येतो.