लाल रक्तपेशींच्या पटलातली मेदाम्लं आणि आयनांची ये-जा: मोजताना या चुका टाळा

लाल रक्तपेशी या कामाला इतक्या सोयीच्या वाटतात, की तिथंच घात होतो. एका टोचणीत हव्या तेवढ्या मिळतात. केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत, मेदाम्लं नव्यानं घडवायची सोय नाही. पटलात, म्हणजे पेशीच्या आवरणात, जे असतं ते अस्थिमज्जेतून सोबत आलेलं किंवा नंतर प्लाझ्माशी देवघेव करून मिळवलेलं. मग एकीकडे मेदाम्लं मोजायची, दुसरीकडे सोडियम-पोटॅशियमची ये-जा, आणि दोन्ही एकाच आलेखावर मांडायची. नातं दिसतं. पण ते पटलामुळे दिसतंय की आपल्या हाताळणीमुळे, हे आधी तपासायला हवं.

नळीपासूनच सुरुवात

रक्त गोठू न देणाऱ्या पोटॅशियम ईडीटीएची जांभळ्या झाकणाची नळी मेदाम्लांना चालते, आयनांना नाही, कारण तिच्यातच पोटॅशियम असतं. त्याऐवजी हेपरिन घ्या, पण लेबल वाचून. लिथियम हेपरिनच्या नळीत रक्त घेऊन सोडियम-लिथियम अदलाबदल (पटलातून एकाच्या बदल्यात दुसरा आयन जाण्याचा वेग) मोजायला बसलात, तर जे मोजायचं तेच नळीत आधीपासून पडलेलं असतं. आतलं सोडियम मोजायच्या पेशी साध्या सलाइननं धुऊ नका, ते सोडियमचंच द्रावण आहे. थंडगार आयसोटॉनिक मॅग्नेशियम क्लोराइड किंवा कोलीन क्लोराइड वापरा.

मधली पांढरी चकती

सेंट्रिफ्यूज थांबल्यावर नळी उजेडात धरा. वर पिवळसर प्लाझ्मा, खाली गडद लाल थर आणि दोहोंच्या मधे करड्या-पांढऱ्या रंगाची, कागदाएवढी पातळ चकती. त्या आहेत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट. त्यांच्यात अ‍ॅरॅकिडोनिक आम्ल हे मेदाम्ल भरपूर असतं. शिवाय माणसाच्या एका लाल पेशीवर सोडियम पंप (सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारी प्रथिनं) जेमतेम काहीशे असतात, तर पांढऱ्या पेशीवर त्याच्या कितीतरी पट. म्हणजे चकती अर्धवट राहिली तर मेदाम्लाचा आणि पंपाचा आकडा एकदमच वर जातो, आणि आलेखावर सुरेख सरळ रेषा उमटते. त्या रेषेत पटलाचा काहीच संबंध नसतो.

पिपेटचं टोक चकतीच्या कडेला टेकवून गोल फिरवत ती ओढून घ्या. खालचा थोडा लाल थर गेला तरी चालेल, मात्र सगळ्या नमुन्यांत तो सारखाच जाऊ द्या. कारण वरच्या बाजूला हलक्या, म्हणजे तरुण पेशी जमतात, आणि तरुण पेशींत पंप जास्त असतात.

गुलाबी झाक

पेशी ज्यात ठेवल्या ते वरचं द्रावण किंचित गुलाबी दिसलं, म्हणजे काही पेशी फुटून हिमोग्लोबिन बाहेर आलं, तर ‘एवढं चालतं’ म्हणू नका, हिशेब करा. पेशींच्या एका लिटरमागे पोटॅशियम साधारण १०० मिलिमोल. १ टक्का पेशी फुटल्या तर १ मिलिमोल बाहेर आलं. पटलातून तासाभरात आपसूक झिरपणारं पोटॅशियमही याच घरातलं असतं. म्हणून प्रत्येक वेळी द्रावणातलं हिमोग्लोबिन मोजा आणि तेवढा वाटा वजा करा. गुलाबी झाक नसूनही पोटॅशियम वाहतच असेल तर कॅल्शियमकडे बघा. पेशीत कॅल्शियम शिरलं की पोटॅशियमची वेगळी वाट उघडते, हे हंगेरीच्या ग्योर्गी गार्दोश यांनी १९५८ मध्ये दाखवलं.

पंपाचा वेग म्हणजे पंपाची ताकद नव्हे

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पंप एका फेरीत ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो, पण तो किती वेगानं फिरेल हे आत सोडियम किती आहे यावर ठरतं. नेहमीच्या स्थितीत पेशींच्या लिटरमागे सोडियम १० मिलिमोलच्या आसपास असतं, आणि तेवढ्यावर पंप पूर्ण क्षमतेनं चालत नाही. समजा, मेदाम्लं बदलल्यामुळे पटल जरा जास्त झिरपू लागलं. आत सोडियम साचलं, त्यामुळे पंपाचा वेग वाढला. आपण लिहून मोकळे होतो की मेदाम्लांनी पंप सुधारला. प्रत्यक्षात पंप होता तसाच आहे, बिघडलं आहे ते पटल.

यावर उपाय आहे. पटलात तात्पुरती छिद्रं पाडणारं निस्टॅटिन वापरून सगळ्या नमुन्यांतलं आतलं सोडियम एका पातळीवर आणा, औषध नीट धुऊन काढा, मग कमाल वेग मोजा. असं सोडियम न भरलेल्या पेशींचा वेगही वेगळा नोंदवा. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की पंप कुठं आणि झिरपणं कुठं, हे वेगळं काढता येतं. वाटाही वेगळ्या करा: उआबेन या औषधानं थांबतो तो पंप, उआबेन असताना ब्युमेटॅनाइड या दुसऱ्या औषधानं थांबते ती सोडियम-पोटॅशियम-क्लोराइडची एकत्र वाहतूक, उरतं ते मुख्यतः झिरपणं. एकूण पोटॅशियमचा आकडा घेऊन तिन्हींबद्दल बोलता येत नाही.

मेदाम्लांच्या बाजूच्या चुका

टक्केवारीची बेरीज नेहमी १०० असते. डीएचए (एक ओमेगा-३ मेदाम्ल) वाढलं की दुसरं काहीतरी कमी दिसणारच, ते खरोखर घटलं असो वा नसो. शक्य असेल तिथं अंतर्गत मानक (ठाऊक प्रमाणातलं वेगळं मेदाम्ल) घालून प्रत्यक्ष प्रमाण काढा. सोडियम मेथॉक्साइडसारख्या अल्कलीनं मोजणीसाठी मेदाम्लांचे मिथाइल एस्टर केले तर स्फिंगोमायलिन या पटलातल्या मेदामधली अमाइड बंधानं जोडलेली लांब मेदाम्लं सुटतच नाहीत. आम्लानं केले तर प्लाझ्मालोजेन या दुसऱ्या मेदापासून डायमिथाइल अ‍ॅसिटल तयार होतात आणि क्रोमॅटोग्रामवर पाल्मिटिक, स्टिअरिकच्या आगेमागे उमटतात. त्यांना ओळखा, बेरजेत घुसू देऊ नका.

पेशींवर मोकळं ओलेइक किंवा लिनोलेइक आम्ल ओतून मिळालेला परिणाम पटलाच्या घडणीचा म्हणून सांगू नका. मोकळं मेदाम्ल साबणासारखं वागतं आणि पंपाला थेट रोखूही शकतं. फॉस्फोलिपिडमध्ये, म्हणजे पटलाच्या मुख्य मेदात, बांधलेल्या मेदाम्लाची गोष्ट वेगळी. ‘पटल पातळ, म्हणजे जास्त प्रवाही झालं’ एवढंच स्पष्टीकरणही पुरत नाही. त्याच नमुन्यात कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिडचं गुणोत्तर मोजा, कारण पटलाची घट्टी तेही ठरवतं.

आहार बदलून दोन आठवड्यांत पुन्हा रक्त घेऊ नका. पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं असतं, त्यामुळे पटलातली मेदाम्लं स्थिरावायला महिने लागतात.

उरलेल्या पेशी उणे २० अंशांवर ठेवल्या असतील, तर हिमोग्लोबिनच्या लोहामुळे तिथंही ऑक्सिडीकरण चालू राहतं आणि अ‍ॅरॅकिडोनिक, डीएचए सगळ्यात आधी झिजतात. उणे ८० अंश लागतात. आयनांचं मोजमाप मात्र ताज्या पेशींतच करा. उणे २० अंशांवर महिनोन्‌महिने राहिलेल्या नमुन्यांत डीएचए कमी निघालं, तर ते लिहू नका. रक्त पुन्हा घ्या.