घरी संगणक जुळवताना भरवशाचा मदरबोर्ड कसा निवडावा

घरी संगणक जुळवणारा माणूस प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांवर महिनाभर विचार करतो आणि मदरबोर्ड मात्र उरलेल्या पैशांत बसेल तो घेतो. माझ्या पहिल्या संगणकाच्या वेळी मीही तेच केले होते. दोन उन्हाळे तो उत्तम चालला. तिसऱ्या उन्हाळ्यात दुपारी दोनच्या सुमारास पडदा गोठू लागला, आणि रात्री मात्र तोच संगणक तासन्‌तास विनातक्रार चाले. रॅम बदलली, विंडोज पुन्हा टाकले, एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, तोही बदलून पाहिला. अखेर कॅबिनेटची बाजू उघडून टॉर्चच्या उजेडात पाहिले, तेव्हा प्रोसेसर ज्यात बसतो त्या सॉकेटशेजारचे तीन कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून सुरळीत करणारे बारीक डबे, माथ्यावर फुगलेले दिसले. एकाच्या माथ्यावर तपकिरी खपलीही धरली होती. तेव्हापासून कोणताही मदरबोर्ड पाहताना मी आधी त्याचा वीजविभाग पाहतो, मग त्याच्या बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रणालीची, देखभाल कंपनी कशी करते ते पाहतो, आणि बाकीच्या सोयींकडे त्यानंतर वळतो.

सुरुवात अर्थात प्रोसेसरपासून होते, कारण सॉकेट त्यावरून ठरते. इंटेलचे १२, १३ आणि १४ व्या पिढीचे प्रोसेसर एलजीए १७०० या सॉकेटमध्ये बसतात. त्यासाठी डीडीआर४ रॅमचे आणि डीडीआर५ रॅमचे असे दोन्ही प्रकारचे बोर्ड निघाले, पण एका बोर्डात साधारणपणे यांपैकी एकच प्रकार चालतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी एलजीए १८५१ हे वेगळे सॉकेट आहे. प्रोसेसर बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीचे, एएमडीचे, एएम५ सॉकेट २०२२ साली आले आणि त्यावर फक्त डीडीआर५ चालते. पुढे केवळ प्रोसेसर बदलण्याचा विचार असेल, तर या बाबतीत एएमडीचा अनुभव चांगला आहे. २०१७ साली घेतलेल्या, आधीच्या एएम४ सॉकेटच्या कित्येक बोर्डांवर बायोस अद्ययावत केल्यावर रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर चालू शकले, आणि एएम५ ला २०२७ पर्यंत व त्यापुढेही साथ देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे.

आता वीजविभाग, म्हणजे ज्याला व्हीआरएम म्हणतात तो. एसएमपीएसकडून बोर्डाला १२ व्होल्टची वीज मिळते, तर प्रोसेसरला साधारण १ ते १.३ व्होल्ट लागतात. हे रूपांतर सॉकेटभोवतीचे मॉसफेट (वीज झपाट्याने चालू-बंद करणारे पुर्जे), चोक (तारेची वेटोळी) आणि कपॅसिटर करतात. व्होल्टेज इतके खाली आले की विद्युतप्रवाह तितकाच वाढतो, आणि हा आकडा बहुतेकांच्या कल्पनेबाहेरचा असतो. कोअर आय५ १२४०० हा तसा साधा प्रोसेसर, पण पूर्ण जोरावर तो ११७ वॉटपर्यंत जातो, म्हणजे त्याच्याकडे १०० अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो. घरातला २ किलोवॉटचा गीझर ९ अँपिअरच्या आत काम भागवतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या बोटभर जागेतल्या पुर्ज्यांवर केवढा ताण असतो ते कळते. कोअर आय९ १४९००के सारखा प्रोसेसर तर २५३ वॉटपर्यंत वीज घेतो.

म्हणून बोर्डाचे छायाचित्र मोठे करून पाहावे. सॉकेटच्या डावीकडे आणि वरच्या बाजूला मॉसफेटवर उष्णता बाहेर टाकणारे ॲल्युमिनियमचे जाड हीटसिंक आहेत का, ते स्क्रूने घट्ट बसवलेले आहेत का, की दोन प्लास्टिकच्या खिळ्यांवर नुसते टेकवलेले आहेत, हे त्यात दिसते. स्वस्त बोर्डांवर हे मॉसफेट उघडेच असतात. ६५ वॉटच्या रायझन ५ ७६०० ला किंवा त्या तोडीच्या प्रोसेसरला कार्यालयीन कामापुरते ते पुरते, परंतु दिवसभर व्हिडिओ एडिटिंग किंवा रेंडरिंग करायचे असेल, तर उघड्या मॉसफेटचा बोर्ड घेऊ नये. जाहिरातीतल्या ‘१२ फेज’, ‘१४ फेज’ (फेज म्हणजे वीज पुरवणारी एक शाखा) अशा आकड्यांवर विसंबण्यात अर्थ नाही, कारण त्यांतले काही आकडे एकाच नियंत्रण-संकेतावर दोन-दोन फेज जोडून मोठे केलेले असतात. जिथे बोर्डावर पूर्ण भार टाकून अर्ध्या तासाने मॉसफेटचे तापमान मोजलेले असते, अशा परीक्षणाला मी शंभर जाहिरातींपेक्षा अधिक किंमत देतो. ते परीक्षण थंड देशातल्या वातानुकूलित खोलीत झालेले असेल, तर आपल्या मे महिन्यातल्या खोलीचे वाढीव अंश त्यात मिळवूनच वाचावे.

कपॅसिटर फुगण्याचा जुना रोग आता जवळजवळ संपला आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात सदोष द्रवामुळे जगभरातले असंख्य बोर्ड त्या रोगाने गेले. आजच्या बोर्डांवर बहुतेक सर्वत्र घन पॉलिमरचे कपॅसिटर असतात आणि त्यांत गळण्यासारखा द्रवच नसतो. तरीही उष्णता हा त्यांचा शत्रू आहेच. १०५ अंशांवर ५,००० तास अशी क्षमता असलेला कपॅसिटर ६५ अंशांवर त्याच्या कित्येक पट टिकतो. हीटसिंक आणि कॅबिनेटमधला वारा यांवर खर्च केलेला पैसा असा वर्षांच्या हिशेबात परत येतो.

चिपसेट, म्हणजे बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणारी चिप, तिची निवड त्या मानाने सोपी आहे. साध्या घरगुती वापराला इंटेलकडे बी७६० आणि एएमडीकडे बी६५० हा मध्यम मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो. एच६१० आणि ए६२० स्वस्त आहेत, पण मुख्य काटछाट वीजविभागातच झालेली असते. शिवाय एच६१० वर रॅमच्या जागा बहुधा दोनच मिळतात आणि एम.२ एसएसडीला (बोर्डावरच बसणाऱ्या साठवणीला) पीसीआयई ३.० चाच, म्हणजे जुन्या पिढीचाच, वेग मिळतो. झेड किंवा एक्स मालिकेचे महाग बोर्ड ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा अधिक वेगाने चालवणे) करणाऱ्यांनी किंवा चार-पाच एसएसडी लावणाऱ्यांनी घ्यावेत. आकाराबाबत एवढेच पाहावे की एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा आणि मायक्रो-एटीएक्स २४४ मिलिमीटरचा चौरस असतो, आणि आपले कॅबिनेट त्याला सामावून घेते.

बायोसचा मुद्दा मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण गेल्या काही वर्षांत बोर्डांच्या भरवशाची खरी परीक्षा इथेच झाली. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीचे रायझन ७०००एक्स३डी मालिकेतले काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्याचे उघडकीस आले. प्रोसेसरमधल्या एसओसी या भागाला मिळणारे व्होल्टेज अधिक असल्याचे आढळले आणि नव्या बायोसमधून त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घालण्यात आली. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व १४ व्या पिढीतल्या उच्च क्षमतेच्या प्रोसेसरांची अस्थिरता गाजली. तिचा संबंध वाजवीपेक्षा अधिक व्होल्टेजशी होता. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून नवे मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचना, दिले आणि बाधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. हे मायक्रोकोड प्रोसेसरपर्यंत प्रामुख्याने मदरबोर्डच्या बायोसमधूनच पोहोचते. त्यामुळे बोर्ड घेण्यापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलचे पान उघडावे आणि बायोसच्या यादीतल्या तारखा पाहाव्यात. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या मॉडेलला अजूनही नवे बायोस मिळत असेल, तर ती कंपनी विक्रीनंतरही लक्ष देते असे धरायला हरकत नाही. यादी पहिल्या सहा महिन्यांतच थांबली असेल, तर तो बोर्ड कितीही देखणा असला तरी सोडून द्यावा.

त्याच पानावर प्रोसेसरांची यादी असते आणि प्रत्येकासमोर किमान कोणते बायोस लागते तेही दिलेले असते. बी६६० बोर्ड दुकानात कित्येक वर्षे पडून असेल, तर १४ व्या पिढीचा प्रोसेसर त्यावर पहिल्या दिवशी सुरू होईलच असे नाही. तीच गत जुन्या साठ्यातल्या बी६५० ची आणि २०२४ मध्ये आलेल्या रायझन ९००० ची. बोर्डाच्या मागच्या पट्टीवर बायोस फ्लॅशबॅकचे बटण असेल, तर प्रोसेसर न लावताही केवळ वीजजोडणी आणि पेन ड्राइव्ह यांवर बायोस बदलता येते. एवढ्याशा बटणासाठी थोडे अधिक पैसे द्यायला मी नेहमी तयार असतो. सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (विंडोज सुरू होणे) असे लिहिलेले चार बारीक दिवेही असावेत, कारण संगणक सुरू झाला नाही तर दोष कुठे आहे हे त्यांवरूनच कळते.

रॅम घेताना बोर्डाच्या कंपनीने तपासलेल्या मॉड्यूलांची यादी पाहावी आणि डीडीआर५ असेल तर चारऐवजी दोनच मोठ्या पट्ट्या घ्याव्यात, कारण चार पट्ट्यांवर वेग बराच कमी ठेवावा लागतो. एएम५ बोर्ड पहिल्यांदा सुरू करताना रॅम जुळवून घेण्यात काही मिनिटे जातात आणि तोवर पडदा काळाच राहतो. कित्येक चांगले बोर्ड केवळ एवढ्यावरून ‘बंद’ ठरवून परत केले जातात, तेव्हा तेवढा धीर धरावा.

खरेदी प्रत्यक्ष दुकानात करायची असेल, मग ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचे असो वा आपल्या तालुक्याच्या गावचे, तर खोका तिथेच उघडून घ्यावा. इंटेलच्या आणि एएम५ च्या सॉकेटमध्ये केसाएवढ्या बारीक पिना बोर्डावरच असतात. सॉकेटवरचे काळे प्लास्टिकचे झाकण काढून मोबाइलचा टॉर्च तिरका धरावा. सरळ ओळींमध्ये एखादी पीन वाकलेली असेल तर तिची चमक वेगळ्या दिशेला जाते आणि ती लगेच ओळखू येते. वाकलेली पीन घरी गेल्यावर दिसली, तर वॉरंटीचा दावा बहुधा फेटाळला जातो. बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेला रिव्हिजन क्रमांकही पाहावा, कारण मॉडेलचे नाव तेच ठेवून आतले पुर्जे बदललेले असू शकतात आणि वाचलेले परीक्षण पहिल्या रिव्हिजनचे असते. अनुक्रमांक लिहिलेले जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि आपल्या जिल्ह्याला सर्वांत जवळचे सर्व्हिस सेंटर कुठे आहे हे आधीच विचारून ठेवावे. एच६१ सारख्या २०११ सालच्या चिपसेटचे ‘नवेकोरे’ अनोळखी बोर्ड आजही विकले जातात. त्यांतले चिपसेट बहुधा जुन्या बोर्डांवरून काढलेले असतात आणि पुढे बायोस मिळण्याची शक्यता नसते. माझ्या मते ते घेऊच नयेत.

घराची वीजही पाहून घ्यावी. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग तुटलेले आहे असे समजून बोर्ड लावण्यापूर्वी वायरमनला बोलवावे. वळिवाच्या दिवसांत केबलवाल्याची इंटरनेटची तांब्याची तार छतावरून थेट संगणकात येत असेल, तर कडकडाट सुरू होताच ती काढून ठेवावी, कारण विजेच्या धक्क्याने बहुधा सर्वांत आधी लॅन पोर्ट (ती तार जोडण्याची खाच) जाते.

बोर्ड जोडल्यानंतर पहिल्या आठवड्यातच नवे बायोस टाकून रॅम तपासणारे मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावे आणि दुपारच्या उन्हात तासभर प्रोसेसरवर पूर्ण भार ठेवून पाहावा, म्हणजे दोष निघालाच तर दुकानदाराकडून बदलून घेण्याची मुदत हातात असते. खोका, बिल आणि सॉकेटवरचे ते काळे झाकण मात्र वॉरंटी संपेपर्यंत टाकू नये. सर्व्हिस सेंटरकडे बोर्ड पाठवताना ते झाकण लावलेले नसेल, तर बोर्ड स्वीकारला जाईलच याची खात्री नसते.