रोटरी गाडीचे कूलिंग आणि इनटेकचे पार्ट स्वतः बनवताय? या चुका टाळा

माझदा आरएक्स-७ या रोटरी इंजिनाच्या स्पोर्ट्स कारची, त्यातही एफडी३एस (थोडक्यात एफडी) मॉडेलची, एक जुनी ख्याती आहे: गाडी झकास, पण तापते. १९९१ ते २००२ या काळात जपानात बनलेल्या या गाड्या आज मेलबर्न, ऑकलंड, लॉस एंजेलिसच्या गॅरेजांत अर्धवट उघडलेल्या दिसतात. मालक पत्रा कापत असतो, नाहीतर टिग वेल्डिंग शिकत असतो. त्यात आपली मराठी मंडळीही आहेत. नवा रेडिएटर, नवा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा), नवा इनटेक (इंजिनात हवा नेणारी वाट) बसतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात काटा पुन्हा वर चढतो. मग आणखी मोठा रेडिएटर मागवला जातो. माझं स्पष्ट मत आहे की यातल्या बहुतेक गाड्या पार्ट लहान पडला म्हणून तापत नाहीत. हवेला वाट ठेवलेली नसते म्हणून तापतात. ती बाहेरून येणारी हवा असो, नाहीतर कूलंटमध्ये अडकलेली.

आधी हे इंजिन तापतं कसं ते पाहू. या गाडीच्या १३बी इंजिनात पिस्टनऐवजी प्रत्येकी ६५४ सीसीचे दोन फिरणारे तिकोनी रोटर असतात, म्हणून ते रोटरी. पिस्टनच्या इंजिनात थंड हवा जिथे येते तिथेच जाळ होतो, म्हणजे तो धातू तापतो आणि निवतोही. रोटरीत इनटेक एका बाजूला आणि जाळ कायम दुसऱ्या बाजूला, स्पार्क प्लगांपाशी. ती बाजू कधी निवतच नाही. त्यात अॅल्युमिनियमची रोटर हाउसिंग (रोटरभोवतीचं कवच) आणि बिडाची साइड हाउसिंग एकाला एक लावून लांब बोल्टांनी आवळलेली. दोन्ही धातू कमी-जास्त फुगतात आणि मधे कूलंटच्या रबरी सील असतात. एकदा इंजिन जोरात तापलं की त्या चेपतात, कडक होतात. हेडगॅस्केट बदलून भागेल अशी इथे सोय नाही. अख्खं इंजिन उतरवून सुटं करावं लागतं.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

अॅम्बेसेडर-पद्मिनीच्या काळापासून आपल्याकडचे मिस्त्री देत आलेला सल्ला: "थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील." थर्मोस्टॅट म्हणजे कूलंट तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप. १३बीत हा सल्ला उलटा पडतो. याच्या थर्मोस्टॅटला खालच्या अंगाला आणखी एक चकती असते. गरम झाल्यावर वरची झडप उघडते तेव्हा ही चकती खाली सरकून बायपासचं भोक बंद करते. थर्मोस्टॅट काढला की ते भोक सताड उघडं राहतं आणि गरम कूलंटचा बराच भाग रेडिएटरकडे न जाता तसाच इंजिनात फिरत राहतो. खालची चकती नसलेला स्वस्त थर्मोस्टॅट बसवला तरी हाच घोटाळा. रेसवाले थर्मोस्टॅट काढतात, पण बायपासच्या भोकात आटे पाडून प्लग बसवतात. रस्त्यावरच्या गाडीला ८२ अंशांचा, चकती असलेला थर्मोस्टॅट घाला आणि पुढच्या कामाला लागा.

मोठा रेडिएटर, पण वाऱ्याला वाट नाही

एफडीचं नाक बसकं आणि पुढची फट लहान. त्या फटीतून येणाऱ्या हवेत रेडिएटर, इंटरकूलर, ऑइल कूलर आणि एसीचा कंडेन्सर इतक्यांना वाटा हवा असतो. लोक हौसेने समोर भला मोठा इंटरकूलर टांगतात. टर्बोची हवा थंड होते, पण मागच्या रेडिएटरला उरलंसुरलं, तेही आधीच तापलेलं वारं मिळतं. त्यावर उपाय म्हणून व्ही-माउंट आला: इंटरकूलर वर तिरका, रेडिएटर खाली तिरका, दोघांची तोंडं एकाच फटीकडे. कल्पना उत्तम आहे. ती फसते ती पत्राकामात.

व्ही-माउंट बसवलेली गाडी समोर आली की मी आधी टॉर्च घेतो. पुढच्या फटीशी डोळा लावायचा आणि एकाला बोनेटखालून टॉर्च फिरवायला सांगायचं. कोअरच्या (रेडिएटर-इंटरकूलरच्या जाळीच्या) कडेने, खालून, हेडलाइटच्या बाजूने जिथे जिथे उजेड दिसेल तिथून वारा निसटतो. हवा कोअरच्या बारीक पंखांतून घुसायचे कष्ट घेत नाही, बाजूला बोटभर फट दिसली की तिथून जाते. बंपरपासून कोअरच्या चारही कडांपर्यंत डक्ट (हवा कोअरकडेच नेणारा पत्र्याचा बोगदा) हवा. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापा, गाडीवर बसवून पाहा, बोनेट बंद करून पाहा. मगच १.५ मिमीच्या, ५०५२ ग्रेडच्या अॅल्युमिनियम पत्र्यावर आखा. हा पत्रा वाकवताना सहसा चिरत नाही, ६०६१-टी६ ग्रेडचा चिरतो. पत्रा आणि कोअर यांच्यामध्ये फोमची पट्टी लावा. ती सीलही करते आणि पत्र्याची कड घासून रेडिएटरला भोक पडण्यापासूनही वाचवते.

आत येणाऱ्या वाटेइतकीच बाहेर जाणारी वाट महत्त्वाची, आणि तिथे तर जवळजवळ सगळे चुकतात. बोनेटची मागची कड उचलून वॉशर घालायची फॅशन आहे. विंडस्क्रीनच्या पायथ्याशी वेगात हवेचा दाब वाढतो, त्यामुळे त्या फटीतून गरम हवा बाहेर पडण्याऐवजी उलट आत ढकलली जाऊ शकते. व्हेंट कापायचाच तर बोनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या मागच्या अंगाला कापा. इंजिनखालचा मूळ प्लास्टिकचा ट्रे तर कुणीच परत बसवत नाही. तो नसला की खालून आलेली हवा रेडिएटरच्या मागे दाब करते आणि पुढून येणाऱ्या हवेला रोखते.

पंख्यांबद्दल दोनच शब्द. कोअरमधून प्लास्टिकच्या टाय ओवून पंखा बांधू नका. हादऱ्यांनी नळ्या झिजतात. आणि श्राउडशिवाय (पंख्याभोवतीच्या, कोअर झाकणाऱ्या कवचाशिवाय) पंखा फक्त आपल्या गोलाइतकाच भाग थंड करतो.

कूलंटमधली हवा

नवे पाइप बनवताना फिलर नेक (कूलंट भरायचं तोंड) सगळ्यात उंच राहील याकडे लक्ष देत नाहीत. पाइपाला कुठे उंटासारखा वाक आला की तिथे एअर धरते. ती जागा इंजिनच्या गरम बाजूला असेल तर वाफेचा बुडबुडा होतो आणि त्या टापूतल्या धातूला कूलंट शिवतही नाही. सेन्सर दुसरीकडे असतो, त्यामुळे काट्याला पत्ता नसतो. एफडीचा मूळ काटा तर तापमान बरंच वर-खाली झालं तरी मधेच ठाण मांडून बसतो. कुठलंही पत्राकाम करण्याआधी आकडा दाखवणारा वेगळा मीटर बसवा.

मूळ गाडीत हवा वेगळी करणारी छोटी प्लास्टिकची टाकी आहे. ती जुनी झाल्यावर जोडावर तडकते, म्हणून अनेकजण ती काढूनच टाकतात. काढायला हरकत नाही, पण तिचं काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं. मी अॅल्युमिनियमची बनवून बसवण्याच्या बाजूचा आहे. हाताशी टिग असेल तर सुटीच्या दिवसाचं काम. आणि नवा फिलर नेक बनवताना कूलंट कमी झाल्यावर ओरडणाऱ्या बझरच्या सेन्सरला आटे असलेला बंग (सेन्सर बसवायचा गोल तुकडा) वेल्ड करायला विसरू नका. बझर कटकट करतो म्हणून तो कायमचा तोडणारे पाहिलेत. त्याचं ओरडणं इंजिनपेक्षा स्वस्त आहे.

भरताना गाडीचं नाक जॅकवर उंच घ्या, हीटर फुल गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा. बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत राहा. कूलंटमध्ये डिस्टिल्ड पाणीच घाला. बोअरचं जड पाणी अॅल्युमिनियमच्या नळ्यांत क्षार धरतं.

वेल्डिंग आणि जोड

दुकानात हाताला लागतो म्हणून ५३५६ फिलर रॉडने कूलंटचे पाइप वेल्ड केले जातात. टाका छान चमकतो, मजबूतही असतो. पण या रॉडमध्ये मॅग्नेशियम जास्त असतं आणि सतत ६५ अंशांच्या वर राहणाऱ्या जागी तो वापरू नये, कालांतराने टाक्यात बारीक तडे जाऊ शकतात. कूलंट तर नेहमीच ८०-९० अंशांवर. तिथे ४०४३ घ्या. इंजिनचे ओतीव भाग जोडतानाही तोच. तडा शोधायला पाइपात पाणी गच्च भरून हातपंपाने झाकणाच्या दाबाइतका, म्हणजे साधारण ०.९ बार, दाब द्या आणि टाक्यावर टिश्यूपेपर फिरवा. डोळ्याला न दिसणारी ओल कागदावर उमटते. रिकाम्या पाइपात कंप्रेसरची हवा भरून ही चाचणी करू नका. फुटला तर तुकडा उडतो.

सिलिकॉन कपलर (दोन पाइप जोडणारी लवचिक नळी) ज्या पाइपावर चढतो त्याच्या टोकाला उभार मारलाच पाहिजे. गुळगुळीत पाइपावर क्लॅम्प कितीही आवळा, बूस्टमध्ये (टर्बोच्या दाबाखाली) कपलर सटकतो. टोक करवतीने कापून तसंच ठेवलं तर धारेने कपलर आतून कापतो. टर्बोच्या वाटेत तेलाचा अंश येतो आणि साधा सिलिकॉन तेलाने मऊ पडतो, तिथे आतून फ्लुओरोसिलिकॉनचा थर असलेला कपलर वापरा.

ऑइल लाइनला रबरी होज आणि साधा क्लॅम्प कधीच नको. रोटरीत रोटर आतून तेलानेच थंड होतात. इंजिनच्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश वाटा तेल वाहून नेतं. म्हणून ऑइल कूलर इथे चैन म्हणून नसतो. त्यालाही रेडिएटरइतकंच काळजीपूर्वक डक्टिंग द्या आणि लाइनला दाब सोसणारे, आट्यांचे फिटिंग वापरा. मूळ ऑइल कूलरमध्ये थंड तेलासाठी बायपास असतो. बाहेरच्या कूलरमध्ये बहुधा नसतो, त्यामुळे थंडीच्या प्रदेशात वेगळा ऑइल थर्मोस्टॅट लावावा लागतो.

इनटेक: कचरा, गळती, धग

रोटरच्या टोकावरच्या एपेक्स सील या गाडीत फक्त २ मिमी जाडीच्या. वेल्डिंगचा मोहरीएवढा मणी किंवा फ्लॅप डिस्कची रेती त्यांच्या वाटेत आली की खेळ संपला. ग्राइंडरची धूळ वाऱ्याने साफ होते हा भ्रम आहे. इनटेक मॅनिफोल्डचा प्रत्येक रनर (इंजिनाकडे जाणारी हवेची नळी) गरम साबणाच्या पाण्याने आणि लांब ब्रशने घासा, वाळवा, मग पांढरं फडकं आतून फिरवा. फडकं काळं झालं तर पुन्हा घासा.

फ्लँज (मॅनिफोल्ड इंजिनला बोल्टने लावायची चपटी पट्टी) वेल्ड करताना वाकतो. तो जाड प्लेटला बोल्टने आवळून वेल्ड करा, पूर्ण निवल्याशिवाय सोडू नका आणि शेवटी मिलिंगवर तोंड सपाट करून घ्या. वाकडा फ्लँज जाड गॅस्केट आणि सीलंटने जिरवला की गळती राहते, हवा-इंधनाच्या मिश्रणाचं प्रमाण बिघडतं आणि डिटोनेशन (मिश्रण स्फोटासारखं पेटणं) होऊ शकतं. रोटरीत डिटोनेशनला दुसरी संधी मिळत नाही. १२ए सारख्या जुन्या रोटरी इंजिनांत तर इनटेक मॅनिफोल्डच्या तोंडावरच कूलंटची वाट आणि तिच्या ओ-रिंग असतात. नवा फ्लँज कापताना ती भोकं विसरली गेली तर कूलंट थेट इनटेकमध्ये.

१३बीत इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही इंजिनच्या एकाच बाजूला, इनटेक वर आणि टर्बो खाली. तिथली सगळी धग मॅनिफोल्डला लागते. मधे पत्र्याची ढाल हवी, मॅनिफोल्डला न चिकटलेली. इनटेक तापमानाचा सेन्सर मूळ जागी मॅनिफोल्डच्याच धातूने तापतो, तेव्हा झटपट वाचणारा सेन्सर इंटरकूलरनंतरच्या पाइपात लावा आणि ट्यूनिंग त्याप्रमाणे बदलून घ्या. उघडा पॉड फिल्टर इंजिनच्या धगीत ठेवून त्याला "कोल्ड एअर" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, मीटर दाखवतो.

लक्षणावरून शोध

हायवेवर तापत असेल आणि सिग्नलला ठीक राहत असेल तर डक्ट किंवा बाहेर जाणारी वाट पाहा. उलट असेल तर पंखे, श्राउड, रिले. एफडीचे मूळ पंखे १०५ अंशांच्या आसपास सुरू होतात, ही सेटिंग खाली आणलेली बरी. काटा अचानक वर जाऊन अचानक खाली येत असेल तर एअर धरली आहे.

सकाळी थंड इंजिनला अप्पर होज (रेडिएटरची वरची रबरी नळी) ताठ लागली, स्टार्ट करताना गाडी एकाच रोटरवर अडखळली, गोडसर वासाचा पांढरा धूर आला आणि फिलरमध्ये न थांबणारे बुडबुडे दिसले, तर पाइप-क्लॅम्प तपासत बसू नका. ज्वलनवायू ओळखणारं निळं द्रावण मिळतं, ते फिलर नेकवर धरून पाहा. निळं पिवळं झालं म्हणजे कूलंट सील गेली. मग रेडिएटर आणि ऑइल कूलर दोन्ही उतरवून आतून धुऊन ठेवा, कारण पुढचं काम इंजिन खाली घेण्याचंच आहे.